दोनशेपैकी दोनशे चौदा

सरकारी नोकरी मिळत नाही, अशी कुरकुर करणाऱ्यांचा अभ्यासच कमी पडत असावा. २०२३च्या तलाठी भरतीत एका उमेदवाराला २००पैकी २१४ गुण मिळाले. बाकीचे बिचारे उगाच मागे घुटमळत राहिले!

सरकारचा खुलासा तयार होताच. परीक्षा ५७ सत्रांत झाली, कुठला पेपर सोपा, कुठला अवघड, म्हणून गुणांचं ‘सामान्यीकरण’ केलं. असामान्य गुण देणाऱ्या सूत्राला हेच नाव शोभतं.

जागा साडेचार हजारांच्या घरात, अर्ज दहा लाखांच्या वर. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. सरासरी ९०० धरली तरी ९० कोटी होतात. बेकारांना रोजगार देणं अवघड असेल, पण बेकारांकडून महसूल मिळतो. भरतीही महसूल खात्याचीच होती म्हणा.

पुण्याच्या सदाशिव पेठेतही भरतीच्या या अर्थव्यवस्थेचा वाटा पोचतो. अभ्यासिकेची खुर्ची महिन्याच्या भाड्यानं, मेसचं ताट, झेरॉक्स, टेस्ट सिरीज. परीक्षेची तयारी करणाऱ्या पोराला पद मिळो न मिळो, मेसवाल्याचं कायम असतं. गावाकडून फोन येतो, ‘निकाल कधी रे?’ पोरगा सांगतो, ‘लागेल आता.’ मग फोन सायलेंटवर टाकतो आणि चहाला जातो. चहावर ‘कटऑफ’ची चर्चा तासभर चालते, तेवढाच मनावरचा ताण उतरतो.

इकडे शासनही स्वस्थ बसलेलं नाही. २०२४मध्ये तलाठी पदाचं नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. त्यामुळे अभ्यासिकेच्या टेबलावरच्या मार्गदर्शक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आल्या, किंमत वाढवून.