सोवळ्यातल्या चपला

टाचदुखीला समाजात प्रतिष्ठा नाही. हृदयाचं काही निघालं की लोक शहाळी घेऊन येतात, मणका सरकला की आवाज खाली आणून बोलतात. टाच दुखते म्हणून सांगितलं, तर समोरचा उत्साहाने म्हणतो, "हो का? माझी पण!" आणि स्वतःच्या टाचेची हकीकत सुरू करतो. खरं तर पायाने भल्याभल्यांना संपवलंय. ग्रीकांचा अकिलीस टाचेत बाण लागून गेला आणि साक्षात श्रीकृष्णाच्या अवतारसमाप्तीला जरा नावाच्या व्याधाचा तळपायात घुसलेला बाण कारण झाला. एवढी थोर परंपरा असूनही 'टाच दुखते' असं लिहून रजेचा अर्ज दिला, की मुख्याध्यापक चष्म्यावरून आपल्याकडे बघतात.

यात दुखण्याचाही दोष आहेच. ते साक्षीदार ठेवत नाही. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला, की बाभळीचा काटा भरल्यासारखी कळ मस्तकात जाते. भिंतीला, कपाटाला, दाराला धरत मी मोरीपर्यंत पोचते. तिथून परत येईस्तोवर पाय बराचसा मोकळा झालेला असतो. म्हणजे नवरा डोळे उघडतो तेव्हा त्याला दिसते ती तुरुतुरु चालणारी बायको. "कालच्यापेक्षा बरं दिसतंय," असं तो रोज म्हणतो.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो. पायाची कमान त्याच्यावर तोललेली असते. डॉक्टर त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. दिवसभर फळ्यापाशी उभं राहणं, चाळिशीनंतर चढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या आणि सेलमध्ये घेतलेल्या कागदासारख्या सपाट चपला, हे सगळं मिळून या पट्ट्याला टाचेच्या टोकाशी ताण देत राहतात. रात्री झोपेत पाऊल खाली झुकतं, पट्टा आखडतो आणि सकाळी त्याच्यावर एकदम अख्ख्या मराठी विषय शिक्षिकेचा भार पडतो. तो कुरकुरणारच. दोन्ही पावलांत मिळून 52 हाडं, म्हणजे शरीरातल्या 206 हाडांपैकी पाव हिस्सा. इतकी माणसं कामाला लावलेल्या खात्यात एखाद्याचा संप व्हायचाच.

पण हे शास्त्र मला फार उशिरा कळलं. त्याआधी निदानं घरपोच मिळत होती. वन्संनी फोनवरच 'युरिक ॲसिड' असा निकाल दिला आणि माझी डाळ बंद केली. युरिक ॲसिडचं दुखणं बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात सुरू होतं, सांधा लालबुंद होऊन सुजतो, चादर लागलेलीही सोसत नाही. माझा अंगठा खुशाल होता. पण वन्संपुढे बोलायची त्याची काय टाप! शेजारच्या काकूंनी 'हाड वाढलंय' असं सांगितलं आणि एक्स-रेमध्ये खरोखरच टाचेखाली हाडाची अणकुची निघाली. घरात उत्साह पसरला. आलेल्या-गेलेल्यांना दाखवायला शेवटी काहीतरी हाती लागलं होतं. डॉक्टरांनी त्यावर पाणी ओतलं. "असा काटा कितीतरी लोकांना असतो, त्यांची टाच दुखतही नाही. आपल्याला फोटो बरा करायचा नाहीये, पाय बरा करायचाय."

"काटा आहे म्हणतो आणि काढत नाही," सासूबाई बाहेर पडता पडता म्हणाल्या, "मग फी कसली घेतली?"

त्यांचा स्वतःचा इलाज तयार होता. वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं अंथरायची आणि टाच ठेवायची. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वीट मिळवणं हेच अर्ध्या दुखण्याएवढं काम होतं. शेक घेतला की घटकाभर बरं वाटायचं, हे मात्र खरं. मी विटेवरून कण्हायला लागले, की त्या म्हणत, "विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. त्याने कधी तक्रार केली?"

"आई, आषाढीत त्याचा पलंगसुद्धा काढून ठेवतात. चोवीस तास दर्शन. मग वारी संपली की शीण जावा म्हणून प्रक्षाळपूजा करतात, गरम पाण्याने आंघोळ घालतात, काढा देतात. देवाला शीण येतो तर मला का नाही?"

त्या गप्प झाल्या. पण काढा काही मिळाला नाही.

डॉक्टरांनी दिलेला इलाज ऐकायला अगदीच मिळमिळीत होता. उठण्याआधी पलंगावरच ओढणी पावलाला अडकवून बोटं स्वतःकडे ओढायची. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणायची. गोठवलेल्या पाण्याची बाटली पायाखाली मागेपुढे फिरवायची. रोज करायचं आणि महिनोन्‌महिने धीर धरायचा. बहुतेकांना यानेच उतार पडतो. स्टाफरूममध्ये मी भिंत ढकलायला लागले, तेव्हा शिपाईमामा मदतीला धावून आले, एवढाच काय तो गोंधळ.

खरा बॉम्ब शेवटी पडला. "घरात अनवाणी चालायचं नाही. मऊ तळाच्या, टाच जराशी उंच असलेल्या चपला घालायच्या. पलंगावरून उतरतानाच."

घरात चपला! आमच्या घरात चपलांना वर्णव्यवस्था आहे. बाहेरच्या उंबऱ्याबाहेर, बाथरूमच्या बाथरूममध्ये, गॅलरीतल्या गॅलरीत. एका वर्णाच्या चपलेने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलं की फिनेल निघतं. आणि स्वयंपाकघर? त्या ओट्यापासून दोन हातांवर देव बसलेले. "आमच्या वेळी नाही दुखल्या कुणाच्या टाचा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या वेळी पायाखाली शेणाने सारवलेली जमीन होती, आता काचेसारखी गुळगुळीत आणि दगडाहून कडक फरशी आहे, हा मुद्दा त्यांनी फेटाळला. फरशी त्यांनीच पसंत केली होती.

सुटका झाली ती त्यांच्याच पायांनी. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सहज त्यांची पावलं तपासली. सासूबाईंना मधुमेह, तळव्यांना अधूनमधून मुंग्या. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्याला बारीक तंतू टोचला. दोन ठिकाणी त्यांना कळलंच नाही. मग डॉक्टर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. तापलेली वीट आजपासून बंद, कारण बधिर पायाला भाजलेलं समजत नाही. कुरुपाला बिब्बा लावायचा नाही, ब्लेड तर नाहीच. रात्री पावलं खालून-वरून बघायची, बारीक जखम दिसली तरी यायचं. आणि घरातही एमसीआरच्या चपलांशिवाय एक पाऊल टाकायचं नाही.

रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. धर्मशास्त्र आणि तळपाय यांचा आत काहीतरी वाद चालला असावा. घराशी आल्यावर निकाल लागला. "या नव्या चपला उंबरा ओलांडून एकदाही बाहेर गेल्या नाहीत, तर त्या सोवळ्यातल्याच. रेशमाच्या कदाला कुणी हरकत घेतं का?"

तेव्हापासून आमच्या घरी सोवळ्यातल्या चपला आहेत. दोन जोड. त्यांना बाहेरच्या चपलेचा स्पर्श चालत नाही, मोलकरणीने उचलायच्या नाहीत, शनिवारी धुऊन स्वतंत्र दोरीवर वाळत घालायच्या. चुकून मी एकदा त्या घालून दाराबाहेरचं दूध उचललं, तर गोमूत्र शिंपडल्याशिवाय त्यांना घरात प्रवेश मिळाला नाही. टाच मात्र निवत चालली आहे.

परवा सत्यनारायण होता. आम्ही दोघी सोवळ्यातल्या चपला घालून प्रसादाचा शिरा परतत होतो. गुरुजी ताम्हण मागायला आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. बघत राहिले ते थेट आमच्या पायांकडे. आता काय ऐकायला मिळणार, म्हणून मी गॅस बारीक केला.

"वहिनी," गुरुजी हळूच म्हणाले, "दिवसाला चार घरच्या पूजा, सगळीकडे अनवाणी, सगळीकडे हीच फरशी. सकाळी पाऊल टेकवत नाही हो. यांत नऊ नंबर येतो का?"

सासूबाईंनी झारा बाजूला ठेवला आणि त्यांना सोवळ्याचे नियम पहिल्यापासून सांगायला घेतले. गुरुजी पंचांगाच्या कोऱ्या पानावर निमूटपणे लिहून घेत होते.