घरात नाटाचा उमेदवार असल्यास पाळावयाचे नियम

पहिला नियम वडिलांसाठी. आमचे डोंबिवलीचे मेहुणे मुलगी बारावीत गेल्यापासून 'आर्किटेक्टच्या लायसन्सची परीक्षा कधी असते हो?' असे विचारत हिंडतात. अमेरिकेत पदवीनंतर तशी परीक्षा असते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांची बी.आर्क. करून वास्तुकला परिषदेत नाव नोंदवले की झाले. त्यामुळे सगळी अडवाअडवी प्रवेशालाच, म्हणजे नाटा या प्रवेशपरीक्षेला. हा कायदा 'आर्किटेक्ट' हे नाव तेवढे राखतो, काम नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. हे मात्र मेहुण्यांना कळू देऊ नये. ते उद्यापासून नकाशे काढू लागतील.

'तिला चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड होती' हे वाक्य दिवसातून एकदाच म्हणावे. तिथे वांगी समोर मांडलेली असतात. नाटात २०० पैकी ८० गुण चित्र आणि रचनेचे, वेळ दीड तास आणि वांगी ज्याची त्याने आठवायची.

म्हणून उमेदवाराने बघायला शिकावे. डोंबिवलीकराला हे जड जाते, कारण तो स्टेशनात फक्त इंडिकेटर बघतो. भाचीला म्हटले, सकाळचा फलाट काढ. तिने कागदभर डोकी काढली, सगळी एका रांगेत. मेहुणे हसले. पण पोरीचे बरोबर होते! आधी डोळ्यांच्या उंचीवर आडवी रेघ मारावी. सपाट जागी आपल्याइतक्या उंचीची माणसे जवळ असोत की लांब, त्यांचे डोळे त्याच रेघेवर येतात. लांबच्या माणसाचे पाय तेवढे वर सरकतात. तिने पाय काढलेच नव्हते. विचारले तर म्हणाली, 'मामा, आठच्या लोकलला पाय कुणाला दिसतात?'

चित्रात उजेड एकाच बाजूने यावा.

त्रिमित रचनेसाठी साबणाचे, औषधांचे खोके जपावेत. आधी नुसते मांडून, चहूबाजूंनी फिरून बघावे, मग चिकटवावे. मनोऱ्याचा मोह टाळावा.

सरावाला स्वतःची इमारत उत्तम. भाचीने समोरच्या फुटपाथवर बसून काढली आणि तिसऱ्या मजल्यावर ऐसपैस गॅलरी दाखवली. मेहुणे म्हणाले, 'अगं, ती केव्हाच बेडरूममध्ये घेतली.' ती म्हणाली, 'बाबा, मंजूर नकाशात आहे.' त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोलले नाही. मला मात्र पोरीचा फार अभिमान वाटला, आणि मी तिला फडके रोडवर पावभाजी खाऊ घातली.

पहिल्या खेपेला गुण कमी पडले तर रडारड नको. त्याच वर्षी पुन्हा बसता येते. मेहुण्यांची घाई निराळीच आहे. 'आपल्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा प्लॅन तीच करेल ना?' मी म्हटले, करेल की. पाच वर्षे तुमची सभा कोरमअभावी तहकूब होतच राहील.