एकदा फॉरमॅट मारून बघू

घनसावंगीत ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे त्याची दोन माणसांशी ओळख लागतेच. एक वायरमन, दुसरे फॉरमॅटभाऊ. भाऊंचं खरं नाव एके काळी दुकानाच्या पाटीवर होतं म्हणतात. पुढं पाटीवर झेरॉक्स आलं, लॅमिनेशन आलं, पीकविमा आला, सातबारा आला, आणि नाव सरकत सरकत पाटीवरून खाली उतरलं.

भाऊंकडं रोग कुठलाही न्या, औषध एक. कॉम्प्युटर हळू चालतो? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. प्रिंटर कागद गिळतो? इथं मात्र ते जरा थांबतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "तसा संबंध नाही, पण एकदा फॉरमॅट मारून बघू." आमच्याच तालुक्यातल्या जांब समर्थला १६०८ साली जन्मलेल्या रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं मोजली, पढतमूर्खांची वेगळी मोजली. बॅकअप न घेता फॉरमॅट मारणारा तेवढा त्यांच्या नजरेतून सुटला. त्यांचा तरी काय दोष!

मी शाळामास्तर. शालार्थ, यू-डायस असलं काहीबाही रात्री घरच्या डेस्कटॉपवर बसून भरावं लागतं. २०२२ च्या दिवाळीनंतर हा डेस्कटॉप बिघडला. चालू केला की वीस-पंचवीस मिनिटं शहाण्यासारखा वागायचा. मग कधी निळा पडदा आणि त्यावर ते रडकं तोंड, तर कधी नुसताच काळोख. सबमिटवर बोट ठेवायला आणि काळोख व्हायला एकच गाठ.

भाऊ आले. भाऊ बसत नाहीत, चहासुद्धा उभ्यानं घेतात. बसलं की माणूस रिकामा वाटतो, असं त्यांचं मत. सीपीयूला कान लावून डोळे मिटले. "विंडोज उडायलीय," म्हणाले. डबा उपरण्यात गुंडाळून मोटारसायकलच्या टाकीवर घेतला, तापल्या पोराला दवाखान्यात न्यावं तसा. दुसऱ्या दिवशी परत आणला. आईच्या पंढरपूरच्या वारीचे सगळे फोटो गेले होते. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हमध्ये असतं, हे फॉरमॅट झाल्यावर सांगायची पद्धत आहे.

"माझा विठोबा पुसला मेल्यानं," आई म्हणाली.

डबा तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. भाऊंनी पुन्हा नेला. आणि इथून त्यांच्या तोंडी ते वाक्य आलं ज्यापुढं गिऱ्हाईक हतबल होतं : "माझ्याकडं तर चालतंय!"

खरंच चालत होता. मी स्वतः दुकानात जाऊन पाहिलं. डब्याचं झाकण काढलेलं, शेजारी टेबलफॅन भणाणतोय आणि आमचा डेस्कटॉप दोन तास झाले तरी हूं की चूं नाही. पावत्या छापतोय, वर गाणी ऐकवतोय. घरी आणला की मान टाकायचा. "गुर्जी," भाऊ गंभीर झाले, "खराबी मशिनीत नाही. तुमच्या घरात आहे."

मग त्यांनी घराला हात घातला. आधी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात माझ्या पोरीच्या खोडरबरानं घासले. हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दातांवर मळ साचला असेल तर खरंच गुण येतो. आला नाही. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा चपटा सेल बदलला, वास्तविक तारीख-वेळ बरोबर होती तरी. मग अर्थिंग. न्हाणीमागच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकायला लावला, रोज बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. बायको रोज पाणी घालायची आणि तुळस शेजारून बघत असायची. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज बसतं हे खरं, म्हणून यूपीएस आला. आता लाईट गेली तरी डेस्कटॉप चालू राहायचा आणि लाईट असताना बंद पडायचा.

अकरावीतल्या पोरीनं मधेच कुठूनशी नोंद काढून दाखवली : कर्नल पॉवर ४१. भाऊंनी चष्मा वर केला. "कर्नल म्हणजे मिलिटरीचं प्रकरण दिसतंय." त्या नोंदीचा अर्थ एवढाच असतो की मशीन निरोप न घेता गेलं. का गेलं, ते ती सांगत नाही. पण कर्नलच्या धास्तीनं भाऊंनी तिसरा फॉरमॅट मारला.

आता खोलीचं सांगतो. आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तोच भाव पुन्हा येणार म्हणून त्या वर्षी निम्म्या मराठवाड्यानं कापूस घरात दाबून धरला. आमचाही पुढच्या खोलीत आढ्याला टेकला होता. भाव आठ हजारांच्या आसपास रेंगाळत होता आणि घरातली माणसं अंग खाजवत होती. खाट ओसरीत गेली, पाहुणे शेजारी गेले. डेस्कटॉप तेवढा जागेवर राहिला, कापसाच्या कुशीत.

भाऊ चौथ्यांदा सीडीचं पाकीट उघडत होते तेव्हा आई जवळ आली. तिनं डब्यावर पालथा हात ठेवला आणि झटकन काढला. "अरे, याला ताप आहे की!"

भाऊंनी झाकण काढलं. प्रोसेसरवर पंखा असतो, पंख्याखाली अल्युमिनियमच्या पात्यांची जाळी. हवा त्या पात्यांमधून गेली तर प्रोसेसर थंड राहतो. नाही गेली तर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि पारा शंभर अंशांच्या घरात गेला की स्वतःला जाळून घेण्यापेक्षा मशीन बंद पाडतो. आमच्या पंख्याखाली पातीच दिसेनात. राखाडी नमदा बसला होता. भाऊंनी रंगाचा ब्रश फिरवला, फुंकर मारली, काही हललं नाही. आईनं गोधडीचं दाभण आणलं आणि कडेनं हळूच उचकटलं. पार्लेच्या बिस्किटाएवढी वडी अखंड बाहेर आली. तिनं सवयीनं त्यातला चिमूटभर घेऊन तळहातावर वळला, वात उजेडात धरली आणि टाकून दिली. "देवापुढं लावायच्या कामाची नाही."

कापूस घरात श्वास घेत होता, आणि तो श्वास रोज रात्री पंखा ओढून घेत होता. उघड्या दुकानात टेबलफॅनपुढं त्याला कुठला ताप येणार? भाऊंनी वाळलेली जुनी पेस्ट पुसली, मुगाएवढी नवी लावली, पंखा बसवला. त्या रात्री पूर्ण यू-डायस एका बैठकीत भरलं. डेस्कटॉपनं हूं की चूं केलं नाही.

"बघा," भाऊ उभ्यानं चहा पीत म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी म्हणलं होतं, खराबी घरात आहे."

कापूस आम्ही उन्हाळ्यात विकला. किती भावानं ते विचारू नका. मात्र भाऊ पार बदलले. मागच्या आठवड्यात दुकानात गेलो तर तीर्थपुरीकडचा एक मोसंबीवाला बागायतदार समोर उभा. त्याच्या मोबाईलला नेट लागत नव्हतं. भाऊंनी मोबाईल उलटसुलट केला, कानाला लावला, डोळे मिटले.

"घरात कापूस किती क्विंटल ठेवलाय?"

"कापूस? आपली सगळी मोसंबीच हाय, भाऊ."

भाऊंनी माझ्याकडं पाहून डोळा बारीक केला. "कबूल करीत नसतेत हो, गुर्जी," ते म्हणाले, आणि दाभण शोधू लागले.