भेसळीचं व्याकरण

दिल्लीत मराठीतून गुपित बोलता येतं, हा नव्याने आलेल्या मराठी माणसाचा पहिला भ्रम. लक्ष्मीनगरच्या बाजारात बायको हळूच म्हणते, ‘‘महाग सांगतोय हो.’’ टोमॅटोच्या ढिगामागून लगेच उत्तर येतं, ‘‘महँगा कहाँ है जी, मंडी में पूछ लो.’’ तेव्हापासून आमच्या घरात भाजीच्या भावाबद्दल ‘अवाच्या सवा’ आणि ‘डोळे पांढरे व्हायची वेळ’ असं जुन्या वळणाचंच बोललं जातं. मराठीचं एवढं संवर्धन एखाद्या मंडळानेही केलं नसेल.

घरात मात्र वारं उलटं वाहतं. पोर दारात चप्पल घालता घालता म्हणतं, ‘‘आई, होमवर्क पूरा झालं, मी नीचे खेळायला जाऊ?’’ पुण्याहून आलेली आजी मेथी निवडायची थांबते. नातवाची भाषा बिघडली!

आजीने मेथी खुशाल निवडावी. कारण पुण्यातच 1929 साली जन्मलेले आणि पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नावाजलेले संगणकशास्त्रज्ञ अरविंद जोशी यांनी नेमक्या असल्या बोलण्याचा अभ्यास केला होता. 1982 साली प्रागच्या परिषदेत मांडलेल्या निबंधात त्यांची उदाहरणं मराठी-इंग्रजी सरमिसळीची होती. ‘काही चेअर्सवर’ आपण सहज म्हणतो. ‘ऑन काही खुर्च्या’ झोपेतही कुणी म्हणत नाही. मोठे शब्द बाहेरून येतात, पण प्रत्ययांसारखे वाक्य बांधणारे बारके तुकडे मराठीच राहतात. आता नातवाचं वाक्य पुन्हा ऐका. ‘पूरा’ आणि ‘नीचे’ हिंदीतून आले, ‘होमवर्क’ तर आजीही म्हणते. ‘मी’, ‘झालं’, ‘खेळायला’, ‘जाऊ’ जागच्या जागी आहेत. घाबरायचं ते ‘मैं खेलने जाऊँ?’ कानावर येईल तेव्हा.

शेजारच्या पंजाबी आजींचं दुःखही हेच. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने दिल्लीतल्या हिंदी-पंजाबी सरमिसळीवर 1964 साली लिहिलं, तेव्हा दोन्ही बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आलेली दिसली, की नुसते शब्द आणि प्रत्यय बदलले की भाषा बदलावी. पुढे 1971 साली त्यांनी आणि रॉबर्ट विल्सन यांनी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर लिहिलं. तिथे मराठी, कानडी आणि उर्दूचं व्याकरण शेजाराने एकमेकांसारखं झालेलं. तरी शतकानुशतकं एकही भाषा मेली नाही, कारण चावडीवरची भाषा कुठलीही असो, उंबऱ्याआत प्रत्येकाची आपली.

पहाडगंजच्या नूतन मराठी विद्यालयासारखी शाळा इथल्या प्रत्येक पोराच्या वाट्याला येत नाही. नोएडा-गुरुग्रामच्या मुलांना मराठी मिळते ती उंबऱ्याआतच, आणि उरलेली आजीच्या व्हिडिओ कॉलवर.

म्हणून पुण्या-नाशिकच्या समस्त आज्यांना विनंती, की ‘‘नीचे नाही रे, खाली’’ म्हणून नातवाला दर वाक्याला अडवू नका. दोनदा अडवलं की तिसऱ्यांदा तो सरळ हिंदीत बोलतो, आणि मग त्याला कळावं म्हणून तुम्हीही हिंदी सुरू करता. ती हिंदी ऐकून आमचे शेजारी काय म्हणतात, ते इथे न लिहिलेलंच बरं.