रा. रा. गेनराव यांस अनावृत पत्र

रा. रा. गेनराव यांस,
मु. पो. अ‍ॅम्प्लिफायर, डावीकडचे पहिले, ‘गेन’ नावाचे बटण.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मिक्सिंगसाठी आलेल्या आणखी एका गाण्यात आपण दहावर विराजमान होऊन गेल्याचे आढळले. गिटारचा ट्रॅक उघडला तर पडद्यावर लहरीची सपाट वीट. मुखडा वीट, अंतरा वीट, सोलो म्हणजे तीच वीट, फक्त वरच्या सुरात. अंतऱ्यात वादकाने हलक्या हाताने वाजवले होते म्हणे. वाजवले असेलही. आपण त्याचा पुरावा शिल्लक ठेवलेला नाही, त्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन.

आपली कार्यपद्धती चोख आहे. प्रत्येक सर्किटमध्ये सिग्नलला एक छत असते. बऱ्याच पेडलमध्ये ते सिलिकॉनच्या डायोडचे असते. साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला ते लहरीचा माथा छाटतात. बिचारे नेमून दिलेले काम करतात. आपण मात्र सिग्नल शंभरपट, म्हणजे ४० डेसिबलने, फुगवून त्या छतावर आपटता. समजा, जोरकस फटका छताच्या ४० डेसिबल वर गेला. मग वादकाने हात २० डेसिबलने हलका केला, तरी तो फटका छताच्या २० डेसिबल वरच. बाहेर पडताना दोघांची उंची सारखीच. कुजबुज आणि किंकाळी यांना समान वेतन देणारा असा मालक शोधून सापडणार नाही. शिवाय पिकअपची गुणगुण आणि तारेवर बोट घासल्याची खरखर यांनाही आपण शंभरपट बढती देता. त्यामुळे दोन सुरांमधली शांतताही बेकार राहत नाही.

घराणे मोठे आहे, हे आम्ही जाणतो. १९५१ साली मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर बिघडला होता. त्यात कागद कोंबून काम भागवले गेले आणि आवाज फाटका निघाला. १९६१ मध्ये आलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’मध्ये ग्रेडी मार्टिन यांचा बास बिघडलेल्या मिक्सिंग कन्सोलमधून फाटका होऊन बाहेर पडला. त्या बिघाडाची नक्कल करता करता १९६२ मध्ये माएस्ट्रोचे फझ-टोन पेडल बाजारात आले. १९६४ मध्ये ‘यू रिअली गॉट मी’साठी डेव्ह डेव्हिस यांनी तर स्पीकरचा पडदाच ब्लेडने चिरला. पूर्वज अपघातातून जन्मले, पण त्यांना वेळ-काळ कळत होता. ‘डोन्ट वरी’तला तो फाटका बास मोजक्या जागीच येतो, बाकी गाणे स्वच्छ आहे, म्हणूनच तो आला की माणूस दचकतो. १९९१ च्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’मध्येही कडव्यांत गिटार दोन सुरांवर थबकून राहते आणि मग ध्रुवपद कोसळते. आपण पहिल्या मात्रेपासून कोसळलेले असता, त्यामुळे पुढे कोसळायला काही उरत नाही.

आता आपल्या पश्चात आम्ही काय करतो, तेही ऐका. विटेवर चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर लावला तर वीट आणखी घट्ट होते आणि गुणगुण वर येते. ट्रान्झियंट शेपर फटक्याचे टोक शोधत फिरतो, पण टोक आपण आधीच छाटलेले. चढउतार वाढवणारा एक्स्पांडर नुसता लावावा तर त्याला हळू आणि जोरात यांत फरकच दिसत नाही.

मग शोध सुरू होतो साक्षीदाराचा. साक्षीदार म्हणजे डीआय, गिटारमधून थेट घेतलेला स्वच्छ ट्रॅक. तो मिळाला की एक्स्पांडर बसवायचा आपल्या ट्रॅकवर, पण साइडचेनने त्याचे कान लावायचे डीआयकडे. वादकाचा हात हलका झाला की एक्स्पांडर आपल्याला खाली बसवतो, हात चढला की उठू देतो. गेलेले सगळे २० डेसिबल परत आणायचा हट्ट नाही. चार-सहा डेसिबलनेही गाणे श्वास घेऊ लागते. हलका फटका नुसता लहान नसतो, मंदही असतो. म्हणून त्याच डीआयच्या इशाऱ्यावर एक फिल्टर आपली तीक्ष्ण टोके झाकतो. कधी डीआय थोडासा तसाच आत मिसळतो. मात्र दोन्ही ट्रॅक काही मिलिसेकंदांनी मागेपुढे झाले, तर काही कंपने एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून ते आधी जुळवून घ्यावे लागतात. बास असेल तर तळ स्वच्छ ठेवायचा आणि फक्त वरचा भाग आपल्या हवाली करायचा. सर्वांत सरळ उपाय म्हणजे तोच डीआय पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायचा, आपल्याला चारवर बसवून.

आणि डीआय नसेलच, तर माउस हातात धरून ओळीओळीने आवाज वरखाली करत बसायचे. वादकाने एका बैठकीत केलेले काम आम्ही अंदाजाने पुन्हा करतो. याला चढउतार परत आणणे म्हणतात. खरे सांगायचे तर काहीच परत येत नाही. विटेत जे नाही ते विटेतून निघत नाही. ते उसने घ्यावे लागते, डीआयकडून किंवा आमच्या कल्पनेतून.

अख्ख्या गाण्याचे माथे दाबणारे आपले मावसभाऊ लिमिटर यांचीही कीर्ती कानावर आहे. २००८ साली मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला, तेव्हा चाहत्यांनी त्याची तुलना ‘गिटार हीरो’ या खेळातल्या मोकळ्या आवृत्तीशी केली आणि पुन्हा मिक्स करण्याची मागणी लावून धरली. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी स्पष्ट केले की मिक्स त्यांच्यापर्यंत पोहोचला तेव्हाच चेपलेला होता. नंतर कुणी कितीही हळुवार हात फिरवला तरी उपयोग नसतो, तो असा.

एवढे करून आपल्याला मिळते काय? जाडी हवी असेल तर तीनवर राहून तोच भाग दोनदा वाजवून घ्यावा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवावा. हातांतले बारीक फरक जी भिंत उभी करतात, ती आपल्याला दहावर साधत नाही. आवाजाचा मोठेपणा हवा असेल, तर स्पॉटिफायसारख्या सेवा गाण्यांची पातळी सारखी करतात. आपल्या आरडाओरड्याला तिथे मुकाट खाली यावे लागते.

तेव्हा यापुढे दहावर जायचेच असेल तर जरूर जावे, पण स्वच्छ ट्रॅक जपून सोबत पाठवावा. बाकी सर्व क्षेम.

कळावे. लोभ आवरावा, ही विनंती.

आपला,
एक मिक्स इंजिनिअर