काकूंनी शेवट फोडला

"आमची सून काय करतेय ते विचारूच नकोस," काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या. असं कुणी म्हणालं की विचारायचंच असतं. मी विचारलं.

"वाचतेय! रात्री दिवा चालू, पहाटे मोटर लावायला उठले तरी दिवा चालू. म्हटलं, परीक्षा आहे का कसली? तर म्हणे, तिसरा भाग आहे. कशाचा तिसरा भाग, ते सांगायलाही फुरसत नाही. आणि इथे हा ढीग बघ."

ढीग चिकूचा होता. काकूंनी ओटीवर परात घेतली होती. साल काढायची, बी काढायची, पातळ चकत्या करायच्या, खाटेवर पसरलेल्या पांढऱ्या लुगड्यावर एकीला दुसरी चिकटणार नाही अशा मांडायच्या. डहाणूच्या मसोलीत उन्हाचा जोर आहे तोवर हे उरकायला हवं, नाहीतर चिकू थांबत नाही. एक दिवस जास्त झाला की कलला.

पुस्तक मीच दिलेलं. ते सांगायची घाई मात्र केली नाही.

"अमीशचं असेल," मी म्हटलं. "शंकराची गोष्ट आहे. तीन पुस्तकं. मेलुहाचे मृत्युंजय, नागांचे रहस्य आणि हे शेवटचं, वायुपुत्रांची शपथ."

"शंकराची? मग बरंय की. पोथीच म्हणायची."

"पोथी नाही हो काकू. ह्यात शंकर देव नाही, माणूस आहे. तिबेटातल्या एका टोळीचा नायक. चिलीम ओढतो, विनोद करतो, बायकोला घाबरतो. पुढे लोक त्याला देव करतात, असं लेखकाचं म्हणणं."

"आणि बायको कोण? पार्वती?"

"सती. दक्षाची मुलगी."

"हां," काकूंनी चकती ठेवता ठेवता म्हटलं, "म्हणजे मरते ती शेवटी."

आतून किंकाळी आली. "आई!"

मग खिडकी धाडकन बंद झाली. काकूंना कळेना काय झालं. "अगं, मी काय केलं? दक्षाचा यज्ञ कुणाला माहीत नाही? मी आठ वर्षांची असल्यापासून कीर्तनात ऐकतेय."

कुणी मनात आणलं तरी हा शेवट लपवता येण्यासारखा नाही. २७ फेब्रुवारी २०१३ ला हे पुस्तक इंग्रजीत आलं तेव्हा दुकानात पोचायच्या आधीच साडेतीन लाख प्रती मागवलेल्या होत्या. मागवणाऱ्यांतल्या बहुतेकांना सतीचं काय होतं ते आजीकडून कळलेलं असणार. टोल्किनच्या इंग्रज वाचकांचं वेगळं. त्याच्याही तीन पुस्तकांच्या गोष्टीतला नायक दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी शत्रूच्या हाती सापडला होता, आणि १९५५ च्या ऑक्टोबरात तिसरं पुस्तक येईपर्यंत सुटतो की मरतो, कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे उलट. मरणार हे नक्की, कशी मरते तेवढंच बघायचं.

"कोण हा अमीश? महाराज आहे का कुणी?"

"विमा कंपनीत नोकरी होती त्याची. पहिलं पुस्तक एकेक प्रकाशक परत करत गेला. शेवटी त्याच्या एजंटनेच छापलं, २०१० साली. पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटलं."

"म्हणजे आधी चव दाखवायची, मग डझनाचा भाव सांगायचा," काकू म्हणाल्या. "हायवेवर चिकू विकणारे करतात तेच."

"तिसरं आल्यावर पुढच्या मालिकेसाठी प्रकाशकाने पाच कोटी आगाऊ दिले म्हणे. मालिकेचं नावसुद्धा जाहीर नव्हतं तेव्हा."

काकूंची सुरी थांबली. पाच कोटींत किती वाड्या येतील याचा हिशोब त्या मनातल्या मनात करून गेल्या असाव्यात. "असो. पुढे सांग. पण हळू, ती आत ऐकतेय."

दुसरं पुस्तक संपतं पंचवटीत, हे सांगितल्यावर काकू खूश झाल्या. नाशिक त्यांचं माहेर. "आमच्या पंचवटीत काय झालं?"

"तिथे नागांची राजधानी आहे. मेला म्हणून ज्याच्यासाठी शिवा युद्ध पेटवायला निघाला, तो मित्र तिथे जिवंत, पोरांना शिकवत बसलेला. तिथेच पुस्तक संपवलंय. वाचणाऱ्यांनी दीड वर्ष बोटं मोडली."

"पुढे?"

"पुढे कळतं की खरा दुष्ट कुणी माणूस नाहीच. सोमरस. देवांचं पेय, आयुष्य वाढवणारं. पण ते बनवायला सरस्वतीचं पाणी उपसलं जातं आणि त्याचा विषारी गाळ वर त्सांगपो नदीत सोडतात. तीच खाली ब्रह्मपुत्रा होते. तिथल्या लोकांना रोगराई."

"वरच्यांनी प्यायचं आणि खालच्यांनी भोगायचं," काकू म्हणाल्या. "हे नवीन काय सांगितलं त्याने?"

डहाणूच्या बाईला हे खरंच नवीन नाही. थर्मल वीज प्रकल्प होणार म्हटल्यावर इथले लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, आणि १९९१ साली केंद्राने अख्खा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. बंदराचा वाद तर अजून चालूच आहे. पण काकूंना त्या विषयावर सोडलं तर सूर्य मावळला असता. मी गोष्ट पुढे ढकलली.

खरं सांगायचं तर पुस्तकाचा मधला भाग रेंगाळतो. कुठलं सैन्य कुठल्या नदीने कुठे गेलं, कुणी कुणाला काय सल्ला दिला, यात पानंच्या पानं. मी काही उलटली. पण शिवा अस्त्र मागायला परिहाला निघाला की पुस्तक पुन्हा धावू लागतं. परिहा म्हणजे इराणच्या बाजूचा मुलुख. आधीचा महादेव, रुद्र, तिथला. त्याने मागे ठेवलेले लोक ते वायुपुत्र. त्यांची सभा अमर्त्य श्पंद, त्यांच्या प्रमुखाला म्हणतात मित्र. त्यांचा देव अहुर मज्द.

"हे तर बावाजी लोकांचं झालं!" काकू म्हणाल्या.

"तेच तर. आणि हा मित्र निघतो शिवाचा मामा."

काकू खदखदून हसल्या. "म्हणजे शंकराचं आजोळ इराण्यांकडे! इराणी रोडला सांगायला हवं."

हसण्यावारी नेलं तरी मला हा भाग वाचताना सारखा बारडाचा डोंगर आठवत होता. बोर्डी-घोलवडला गेलं की पूर्वेला दिसतो तो. त्याच्या माथ्यावर बाहरोटची लेणी. सुलतानी फौजेपुढे संजाण पडलं तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, तिथे नेऊन लपवला. बारा वर्षं, असं त्यांच्या किस्सा-ए-संजाण या काव्यात आहे, आणि ते १६०० च्या सुमारास नवसारीच्या एका दस्तुराने लिहिलंय. मग वांसदा, मग नवसारी, आणि १७४२ पासून उदवाडा. लोकलच्या पुढे जाणारी गाडी पकडली तर घोलवड, उमरगाव, संजाण असं करत उदवाड्याला सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल. अमीशने शिवाला अस्त्र मागायला समुद्रापार पाठवलं. त्याच लोकांचा विस्तव मात्र आपल्या डोंगरावर राखला गेला होता. कुणी लिहायला बसलं तर चौथं पुस्तक इथेच आहे.

"आमचे हे चढलेत तिथे," काकू म्हणाल्या. "म्हणाले, पाण्याची टाकी आहे खडकात आणि माकडं. अस्त्र मिळालं का त्याला?"

"मिळालं, पाशुपतास्त्र. पण तो तिकडे गेलेला असतानाच इकडे दक्षाने डाव टाकला."

आता काकूंनी सुरी खाली ठेवली. आवाज आम्ही दोघींनीही उतरवला.

"पुराणात कसं, बापाने यज्ञाला बोलावलं नाही, ती आपणहून माहेरी गेली, अपमान झाला, अग्नीत उडी घेतली. इथे उलटं केलंय. इथे बोलावणं येतं. तहाच्या बोलण्यांचं. तेही जावयाला. जावई नाही म्हणून मुलगी जाते."

"आणि बापाने मारेकरी ठेवलेत."

"मिसरचे. जावयासाठी ठेवलेले. मुलगी आलेली बघून बापाची दातखीळ बसायची वेळ. तिला आत थोपवून धरतो, पण बोलता बोलता त्याच्याच तोंडून सुटतं. बाहेर तिची माणसं कापली जातायत हे कळल्यावर ती थांबते होय? तलवार उपसून धावते."

"उडी नाही घेत?"

"नाही. लढून मरते. मारेकरीही चाट पडतात, असं लढते. सगळं रेंगाळणं मी त्या पानांसाठी माफ केलं. रश्मी पुसाळकरांनी मुखपृष्ठावरही तिलाच काढलीय, शिवाला नाही."

काकू काही वेळ बोलल्या नाहीत. मग एकदम खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "अगं ए, कुठवर आलीस?"

"देवगिरीला, बापाकडे निघालीय ती," आतून बारीक आवाज. रडका.

"जाऊ नको म्हणावं तिला! बापाचं लक्षण ठीक नाही!"

"आई, तुम्हीच सांगितलंत ना मघाशी शेवट?"

"सांगितला म्हणून काय झालं?" काकूंनी परात माझ्याकडे सरकवली. "धर, उरलेल्या तू काप. आणि मराठीतलं आहे ना तुझ्याकडे? तिचं झालं की मला."

"पहिल्यापासून आणते. पहिलं मेलुहा…"

"पहिली दोन राहू देत. तिसरंच आण. ती तलवार काढते ना, तिथे खूण घालून."