हौदा रिकामा, चर्चा भरगच्च

वांद्र्याच्या पाली हिलवर सध्या पेच पडलाय: पिकअप म्हणून टोयोटाची हायलक्स घ्यावी की इसुझूची व्ही-क्रॉस? एकीचं डिझेल इंजिन २.८ लिटरचं, दुसरीचं १.९. हायलक्स म्हणे ७०० मिलिमीटर पाण्यातूनही जाते. जायचं कुठे, तर हिल रोडला, पाव आणायला! दोन्ही सव्वापाच मीटरहून लांब. रणवारच्या गल्लीत शिरली की बाहेर काढायला अख्खं गावठाण लागेल. हौद्यात बसणार एक लॅब्रॅडोर, तोही एसीसाठी कुरकुरत. खाली बाजारात महिंद्राची बोलेरो पिकअप कांद्याच्या गोण्या आणि गोण्यांवर पेंगणारे दोन हमाल घेऊन उभी असते. टाटाची योद्धा २.० तर दोन टन उचलते. यांच्यावर वाद झडत नाहीत. मालक हप्ता विचारतो, डिझेल विचारतो, बयाणा देतो. तुम्हीही हायलक्स घ्याच, पण आधी पार्किंग घ्या.